निघण्याआधी बसायचं असतं

शेपू आवडणारी माणसं जगात मुळात कमी. माझ्या नवऱ्याला त्याचा वास आला की तो घरातल्या खिडक्या उघडतो, आणि मुलगी लहानपणी ताट पुढे सरकवून "मम्मा, इट स्मेल्स लाइक अ गार्डन" म्हणायची. त्यामुळे दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक उंच, गोरी बाई शेपूच्या चार-पाच जुड्या छातीशी धरून उभी दिसली तेव्हा मला राहवलं नाही. एवढ्या शेपूचं करणार काय, असं विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यात घालणार. बटाट्यात, सूपमध्ये, काकडीत. का, तुम्हाला आवडतो?" मी हो म्हटलं, तर तिने एक जुडी काढून माझ्या हातात दिली आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेली. दोन दिरहमची जुडी, म्हणजे पन्नासेक रुपयांची. पण परक्या बाईने लिफ्टमध्ये हातात भाजी ठेवणं मी पुण्यातही कधी पाहिलं नव्हतं.

ती युक्रेनची होती. मी पाचव्या मजल्यावर, ती आणि तिची शाळकरी मुलगी तिसऱ्या. ती मला दीदी म्हणायला लागली, कारण खालच्या ग्रोसरीतला मुलगा मला दीदी म्हणायचा. त्याच न्यायाने माझा नवरा तिचा भाईसाब झाला. ती दुबईत घरं विकणाऱ्या एका ऑफिसात होती, आणि दर शनिवारी तिथल्याच अल क्वोज भागात जाऊन तिच्या लोकांच्या मुलांची शाळा चालवायची. मी दर शनिवारी अल क्वोजला जाऊन मराठीचा वर्ग घ्यायचे. गोदामांच्या रांगेतला एका नाचाच्या क्लासचा तोच हॉल दोघींनी भाड्याने घेतलेला होता. सकाळी आम्ही, अकरानंतर त्या. इतके महिने आम्ही एकमेकींच्या मुलांच्या चपला ओलांडून जात होतो आणि ओळख मात्र झाली ती लिफ्टमध्ये.

मग आम्ही एकाच गाडीतून जायला लागलो. गाडी माझी, संगीत तिचं, भांडण दोघींचं. उम्म अल कुवैनहून निघून शारजा ओलांडेपर्यंत तासभर सहज जातो, आणि गाडीत समोरासमोर बघायचं नसल्यामुळे माणूस खरं बोलतो. निदान मी तरी बोलायचे.

नवऱ्याबद्दल एक सांगून ठेवते. घरात मी त्याला अहो म्हणते, अजूनही. इथे मात्र तो एकेरीतच येणार आहे. तो रुवैसला असतो, अबू धाबीच्याही पलीकडे. तिथल्या तेलाच्या प्लांटची यंत्रं दुरुस्तीला काढतात तेव्हा माणसं पुरवणाऱ्या कंपनीत तो आहे. शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो, रविवारी दुपारी चहा पिऊन निघतो. लग्न झाल्यापासून तो लांब निघाला की मी त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवते, वर साखर. माझी आई ठेवायची म्हणून मी ठेवते. दर रविवारी एवढं कशाला, असं त्याने एकदाच विचारलं होतं. रस्ता मोठा आहे, मी म्हटलं, आणि विषय संपला.

माझा वर्ग बारा वर्षांचा. सुरुवातीला माझ्याच मुलीसाठी काढलेला. ती आता नेदरलँड्सला शिकते, फोनवर मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्लिशमध्ये देते. पण वर्ग तिच्यानंतरही राहिला. मुलं मला मावशी म्हणतात. "मावशी, कॅन आय गो टू द वॉशरूम?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की ते मराठीच वाक्य आहे असं आता वाटतं. आमच्यात लहान मुलं भरपूर. दहाव्या वर्षानंतर मात्र क्लास, ट्यूशन, फुटबॉल, आणि मग पालकांचा फोन: ताई, या टर्मला जमत नाहीये.

तिच्या शाळेत बरोबर उलटं होतं. तिथे मोठी मुलं होती आणि लहान नव्हतीच.

हे असं कसं झालं ते तिने मला गाडीत हप्त्याहप्त्याने सांगितलं. ती आली तेव्हा इथे त्यांच्या लोकांत बहुतेक एकट्या बायका होत्या. विमानात, सलूनमध्ये, हॉटेलात, तिच्यासारख्या घरं विकणाऱ्या. थोडे इंजिनिअर, थोडे बोटीवरचे. शाळा म्हणजे आठ-दहा मुलं, तीही आईचा हट्ट म्हणून येणारी. घरात रशियन बोलायची आणि आपसात इंग्लिश. मग युद्ध सुरू झालं. त्या वसंतात हॉल भरून गेला. आया आल्या, आज्या आल्या, पिंजऱ्यातून मांजरं आली. पुरुष आले नाहीत, कारण त्यांना देशाबाहेर सोडत नव्हते. कधी युक्रेनियनचा एक शब्द न बोललेली घरं ठरवून युक्रेनियन बोलायला लागली, आणि आज्यांची जीभ वळेना म्हणून नातवंडं त्यांना शब्द सांगायला लागली. त्या वेळी आमचा वर्ग सुटल्यावर त्यांच्या मुलांना आत शिरायला जागा पुरायची नाही. नाचाचा हॉल असल्यामुळे भिंतीला आरसे होते, त्यात ती गर्दी आणखी दुप्पट दिसायची. मला हेवा वाटायचा. तेव्हा तो बोलून दाखवायची लाज वाटली, आता लिहायला वाटत नाही.

तिची आईही त्याच वसंतात आली. पूर्वेकडच्या कुठल्या तरी गावातून, एक पिशवी घेऊन. तिसऱ्या मजल्यावर माझं जाणं-येणं वाढलं ते या म्हातारीमुळे. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पण तिने नाताळच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावून वाडग्यात काहीतरी वाढलं, आणि मी चमचा तोंडात घालून थक्क झाले. उकडलेले गहू, मध, खसखस. "ही आमची गव्हाची खीर," मी म्हटलं. मैत्रिणीने भाषांतर केलं. म्हातारीने ठामपणे मान हलवली, नाही, ही आमची. टेबलावर बारा पदार्थ होते, आणि एक ताट कोणासमोरच नव्हतं. ते कोणाचं, मी विचारलं. जे नाहीत त्यांचं, मैत्रीण म्हणाली. गेलेल्यांचं, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचं. तिचा नवरा बोटीवर इंजिनिअर. युद्धाच्या आधी सुट्टीवर घरी गेलेला तो तिकडेच अडकला होता.

त्यांच्यात निघण्याआधी बसतात, हे मला त्या संध्याकाळीच कळलं. लांबच्या प्रवासाला निघताना सामान बांधून झालं, कोट घालून झाला, की सगळ्यांनी खाली बसायचं. जाणाऱ्यांनी आणि राहणाऱ्यांनीही. खुर्चीवर, बॅगेवर, जिथे जागा मिळेल तिथे. मिनिटभर कोणी बोलायचं नाही. मग घरातला मोठा माणूस गुडघ्यावर हात आपटून "देवाबरोबर" असं काहीसं म्हणतो, आणि मग उठायचं. म्हातारी गाव सोडून निघाली तेव्हा शेजाऱ्याची गाडी हॉर्न वाजवत होती, तिला बसता आलं नाही. त्यानंतर जे जे वाईट झालं, मागे राहिलेलं घर, जावयाचं अडकणं, इथल्या उन्हाने तिच्या पायांना येणारी सूज, त्या सगळ्याचं कारण तिच्या लेखी ते एकच होतं.

मी दह्याचं सांगितलं. मैत्रीण हसली. म्हणाली, "दीदी, मग आपण डील करू. मी कधी इथून निघाले तर तू मला दही देशील, आणि मी तुला बसवेन. तुझ्याशिवाय मी बसणार नाही." मी म्हटलं, "इन्शाल्ला." ती एकदम गंभीर झाली. "इन्शाल्ला नको. इथे इन्शाल्ला म्हणजे 'बघू' असतं, ते मला माहितेय. प्रॉमिस." मी प्रॉमिस म्हटलं. तीही म्हणाली.

ही गोष्ट त्या प्रॉमिसची आहे. बाकीचं नुसतं सामान.

पुढच्या वर्षापासून शाळा ओसरायला लागली. आधी आज्या गेल्या, त्यांना इथला उन्हाळा सोसेना. मग मोठी मुलं पोलंड-जर्मनीच्या कॉलेजांत गेली आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया. कोणाला कॅनडात कायमचं राहता येतंय असं कळलं. कोणाची इथली नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. इथे कितीही वर्षं काढा, माणूस नोकरीच्या खुंटीला टांगलेला असतो. त्यात त्यांचं आणि आमचं काही वेगळं नाही. काहीजणी सरळ घरी परतल्या, युद्ध चालू असताना, कारण नवरा तिकडे होता. आणि जागा भरायला नवीन कोणी नव्हतं. मी एकदा मूर्खासारखं विचारलं, की तुमच्या बालवर्गात मुलं का नाहीत. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "दीदी, ज्यांचे नवरे तिकडे आणि बायका इकडे, त्यांच्या बालवर्गात कोण येणार?" मी रेडिओचा आवाज वाढवला.

प्रत्येक जाणाऱ्या घरासाठी ती शेवटच्या शनिवारी शाळेला बसवायची. आमची मुलं चपला घालत असायची तेवढ्यात ती टाळी वाजवायची, की तिची मुलं आहेत तिथे फरशीवर बसायची. मग आमचीही बसायला लागली. मराठी आणि युक्रेनियन पोरं एका रांगेत, गप्प, आणि समोरच्या आरशात आणखी तेवढीच. पहिल्या वर्षी हे कधीतरी व्हायचं. मग महिन्यातून एकदा. मग असे शनिवार आले, की माझ्या वर्गातली एक चिमुरडी दारातच विचारायची, "मावशी, टुडे ऑल्सो सिटिंग?"

मैत्रिणीला ते आवडायचं नाही. परत येताना गाडीत ती जाणाऱ्यांना शिव्या घालायची, त्यांच्या भाषेत, मग माझ्यासाठी इंग्लिशमध्ये. म्हणायची, प्रत्येकजण म्हणतो एक आम्ही गेल्याने काय होतंय, आणि प्रत्येकजण तेच म्हणतो. म्हणायची, शहरातून माणसं कमी होतात ती आकड्यात दिसतात, पण शाळेतून एक मूल गेलं की तिघांचं नाटक बंद पडतं. मला हे मनापासून पटायचं, कारण माझंही तेच होतं. दोन दुकानदारणींनी एकमेकींना धंदा मंद असल्याचं सांगावं तशा आम्ही बोलायचो, आणि त्यात एक सुख होतं. मी एकटी नाही, हे सुख.

मे महिन्यात नाचाच्या क्लासच्या मालकाने सांगितलं की सप्टेंबरपासून अर्धा शनिवार मिळणार नाही. घ्यायचा तर सकाळपासून दुपारपर्यंत पूर्ण, नाहीतर खलास. आमच्या एका वर्गाला पूर्ण शनिवार झेपणारा नव्हता. तिच्या शाळेलाही नव्हता. दोघी मिळून घेतला तरच. त्याच सुमारास आमच्यातल्या काही पालकांचं वेगळंच चाललं होतं. शारजातल्या एका शाळेची वर्गखोली मिळत होती, कोणाच्या तरी ओळखीने, पण जून संपायच्या आत हो म्हणायला हवं होतं.

मेच्या शेवटच्या शनिवारी गाडीत मी तिला स्पष्ट विचारलं. पुढच्या वर्षी तुझी शाळा आहे का? असेल तर मी शारजा सोडते. तिने डॅशबोर्डवर बोट आपटलं. "सप्टेंबरला आम्ही आहोत. खलास. लिहून देऊ?" मी म्हटलं लिहून कशाला. शब्द पुरे.

पुढचे आठ-दहा दिवस मी फोनवर होते. एकेका पालकाला सांगत होते, अहो अल क्वोजचं पक्कं आहे, मी सांगते ना. कोणी म्हणालं, ताई, त्या लोकांचा भरवसा काय, आज आहेत उद्या नाहीत. मी चिडले. म्हटलं, आपण कोण, इथे जन्मापासून राहणारे? एका आईला तर मी जवळजवळ दरडावलंच, तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास नाही का. ती म्हणाली, आहे ताई, तुमच्या शब्दावर आहे. शारजाची खोली गेली. त्यातले बरेच फोन मी जूनच्या शनिवार-रविवारी केले, घरातल्या हॉलमधून, आणि नवरा सोफ्यावर बसून मॅच बघत होता. आवाज बारीक केला होता त्याने. माझ्या सोयीसाठी असं मला वाटलं.

जुलैमध्ये मी नेहमीप्रमाणे पुण्याला गेले. निघायच्या दिवशी ती वर आली होती. मी गमतीने म्हटलं, बस, मी लांब चाललेय. ती बसली नाही. म्हणाली, "तू परत येणार आहेस, तुला नको." मला घट्ट मिठी मारली आणि म्हातारीला औषध द्यायचंय म्हणून लगेच खाली गेली. मी टॅक्सीत बसताना वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत म्हातारी उभी होती. तिने हात हलवला नाही, नुसती बघत राहिली. पाय दुखत असतील असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये मी परत आले ती पिशवीत तिच्यासाठी गूळ आणि म्हातारीसाठी खपली गहू घेऊन. सामान टाकलं आणि आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडं होतं. आत रंगाऱ्याची शिडी होती, भिंतींवर ओला पांढरा रंग. रंगारी म्हणाला, "मॅडम वो लोग तो गया. खलास. पंधरा दिन हो गया." मी त्याला दोनदा विचारलं, कौन लोग. मग शिडीला धरून उभी राहिले, आणि हाताला रंग लागला.

घरात आले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, एसीच्या गारव्यात, एरवी तिच्या खिडकीत असायची ती शेपूची कुंडी होती. हिरवीगार. माती ओली. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, अगं, मलाही आल्यावरच कळलं. मी तर रुवैसला होतो. कुंडी दाराशी ठेवलेली होती, मी आत घेतली." आणि मग, "जाऊ दे. लोक जातात इथून."

तिचा मेसेज तीन दिवसांनी आला, पोलंडहून. दीदी मला माफ कर. मुलीचं कॉलेज, आईचे पाय, आणि इथून घरी एका रात्रीची ट्रेन आहे, नवरा सीमेवर येऊन भेटू शकतो. सगळी कारणं खरी होती. त्यातल्या एकालाही मी नाही म्हणू शकले नसते. म्हणूनच संताप जास्त आला. ज्या बाईने जाणाऱ्या प्रत्येक घराला गाडीत बसून शिव्या घातल्या, ती स्वतः माझ्या पाठीमागे गुपचूप गेली. आणि शाळा? तिच्याशिवाय ती सप्टेंबरपर्यंतही टिकली नाही. उरलेल्या आया आपापल्या घरून मुलांना ऑनलाइन शिकवू म्हणाल्या. नाचाच्या क्लासवाल्याने शनिवार झुम्बाला दिला.

आमच्या पालकांना मला सांगावं लागलं. त्या दरडावलेल्या आईने काही वाकडं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे ताई, तुमचा काय दोष." ते जास्त लागलं. आता आमचा वर्ग स्क्रीनवर भरतो. मुलं कॅमेरा बंद ठेवतात. मी काळ्या चौकोनांना बाराखडी म्हणायला लावते, आणि उत्तर येतं, "मावशी, यू आर ऑन म्यूट."

मी तिला उत्तर दिलं नाही. तिने केसाने गळा कापला, असं मी फोनवर बहिणीला सांगितलं, आणि बहिणीने एवढं काय, मैत्रीणच ना, असं म्हटलं तर तिच्याशीही आठवडाभर बोलले नाही. वर्ग गेल्याचं दुःख होतं, ते मला कळत होतं आणि लोकांनाही सांगता येत होतं. पण मला खरं काय खुपत होतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ती बसली असणार. म्हातारीने तिला बसवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. माझ्याशिवाय बसणार नाही म्हणालेली बाई मी पुण्यात असताना बसली आणि उठली.

शेपूच्या कुंडीला मात्र मी पाणी घालत राहिले. का, ते मला विचारू नका. नवराही घालायचा, शनिवार-रविवारी. ज्याला वास सहन होत नाही तो माणूस. मी ते पाहिलं आणि त्याला माझी दया येते असं समजून मला बरं वाटलं.

ऑक्टोबरमधला रविवार. त्या वेळी त्याचं जाणं आठवड्याचं नव्हतं. प्लांटचं मोठं काम निघालं होतं, महिनाभर तिकडेच राहायचं होतं. त्यामुळे बॅग मोठी. चहा झाला. मी दह्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आले तर तो दाराजवळ बॅगेवर बसला होता. बूट घालत नव्हता, बूट पायात होते. फोनही बघत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. मी बोलणार होते, काही विसरलंय का. पण तो इतका स्वस्थ बसला होता की मी थांबले. मग त्याने गुडघ्यावर हात आपटला, "चला" म्हणाला आणि उठला.

माझ्या हातातली वाटी कलंडली. थोडं दही चपलांवर सांडलं.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय?"

"बसलात ते."

तो वाकून पेपर नॅपकिनने दही पुसायला लागला. मी म्हटलं, "अहो, वर बघा. बसलात ते."

"सवय लागली," तो म्हणाला. मग त्याला कळलं की आपण काय बोललो. "रुवैसहून निघताना बसतो. इथे तुझ्यासमोर नाही बसत. आज विसरलो."

"कोणी लावली सवय?"

खाली कंपनीची गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. मग त्याने सांगितलं, उभ्याउभ्याच, आणि एकदा सुरुवात केल्यावर काही राखून ठेवलं नाही. तिने त्याला जूनच्या पहिल्या शनिवारीच सांगितलं होतं. तिकिटं त्यानेच ओळखीच्या माणसाकडून काढून दिली. बॉक्सेस त्याने बांधली. कुंडी तिने त्याच्या हातात दिली, माती कधी ओली ठेवायची ते समजावून. ज्या शनिवारी ती निघाली, त्या दिवशी तो घरीच होता. म्हातारीने त्याला हाताला धरून खाली नेलं, आणि ते सगळे बॅगांवर बसले. ती, तिची मुलगी, म्हातारी आणि माझा नवरा.

"म्हणजे मी फोन करत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "सोफ्यावर बसला होतात. आवाज बारीक करून."

"तिने शपथ घातली होती."

"आणि माझा शब्द? तो मी लोकांना वाटत सुटले होते, तो कोणाचा होता?"

"तिला भीती होती की तू थांब म्हणशील," तो म्हणाला. "आणि तू म्हणाली असतीस तर ती थांबली असती. मला तिने रडून सांगितलं. मी काय करायला हवं होतं?"

मला सांगायला हवं होतं. एवढं साधं उत्तर होतं, आणि ते त्याला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. तिचा राग मी तोपर्यंत नीट बाळगला होता. ती परकी, तिच्या देशात युद्ध, तिचा नवरा सीमेपलीकडे. तिला एक दिवस माफ करता येईल अशी जागा मी मनात ठेवली होती. ह्याच्यासाठी अशी जागा कधी लागेल असं वाटलंच नव्हतं. तिने माझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि गेली. हा लपवून दर शुक्रवारी घरी आला, जेवला, शेपूला पाणी घातलं.

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. नवऱ्याने बॅगेचं हँडल वर ओढलं, आणि मग, मला वाटतं मला बरं वाटावं म्हणून, म्हणाला, "तुझी जागा ठेवली होती गं. एक बॅग मधे रिकामी ठेवली होती. मी चुकून त्यावर बसायला गेलो तर तिच्या आईने मला उठवलं. ती दीदीची, म्हणाली."

मला ते नाताळचं ताट आठवलं, कोणासमोरच नसलेलं. जे नाहीत त्यांचं. मी होते. विमानाने तीन तासांवर होते, फोन चालू होता, गहू पाखडत बसले होते. मला बोलवायचं सोडून त्यांनी माझी रिकामी जागा मांडली, आणि तिच्याशेजारी माझा नवरा बसला.

त्याने सवयीने उजवा हात पुढे केला, तळवा वर. इतक्या वर्षांची सवय, त्याचा हात आपोआप येतो. मी वाटी तशीच धरून उभी राहिले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग हात मागे घेतला, बॅग उचलली आणि गेला.

दार मी लावलं. वाटीतलं उरलेलं दही उभ्यानेच खाल्लं.